दहाची नोट

ताहेरभाईंनी खिशातून दहाची नोट काढली
आणि नळी नि लाकडाच्या फटीत सारली.
चार बोटं गेली, मग अडली.
"इथं चावते," म्हणाले,
जणू नवी चप्पल आहे.

कारखान्यातलीच रायफल, तीनशे पंधरा बोअर.
दस्त्याच्या पोलादी पट्टीखाली कुणा तपासनिसाची
पेन्सिलीतली घाईची सही.
शनिवार असावा.

यादोराव रहांगडाले रिक्षानं इतवारीत आले होते.
परवान्याचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत,
रायफल नातवाच्या खांद्यावर, चादरीत गुंडाळलेली.
वय ब्याऐंशी. हात असे की
पाण्याचा पेला दिला तर अर्धा टेबलावर.
शिकार बंद होऊन चाळीस वर्षं झाली,
आता हिचं काय करता? मी विचारलं.
मी नवा होतो, तोंड सैल होतं.
"नीट करून द्या," ते म्हणाले.
"मले एक गोष्ट पाह्यची हाये."

आधी आहे तशीच रेंजवर नेली.
मे महिना, सकाळी सातलाच वाळूची पोती तापलेली.
ताहेरभाईंनी तीन गोळ्या झाडल्या,
मी कागदावरच्या भोकांना आकडे दिले:
एक, मधोमध.
दोन, डावीकडे दोन बोटं.
तीन, त्याहून डावीकडे, जवळजवळ कागदाबाहेर.
"नळी थंड असते तोवर शहाणी," ताहेरभाई म्हणाले,
"तापली की लाकूड तिला ढकलतं."

लाकूड अक्रोडाचं.
कपाटाला लागून खसचा कूलर, नातवानं सांगितलं,
दर उन्हाळ्यात, रात्रंदिवस.
एवढी वर्षं ते पाणी प्यालं, फुगलं,
आणि नळीला एका बाजूनं खांदा देत राहिलं.

मग नऊ दिवस आमचे.
गोल काठीला पॉलिशपेपर गुंडाळून
मी खाच घासायचो, फुंकायचो, नोट सारायचो.
पाच बोटं. सात. पुन्हा पाच,
कारण मध्येच कुणीतरी दुकानातला कूलर लावला.
ताहेरभाईंनी तो बंद केला आणि आम्ही
बनियनवर बसून काम केलं.
पोलादाला बुटाचं पॉलिश फासलं, चिकटू नये म्हणून,
खाली एपॉक्सीची गादी घातली,
एका रात्रीत ती दगड झाली.
नळीचं तोंड भिंगाखाली धरलं: कुठं ओरखडा नाही.
चाप दाबून पाहिला: स्वच्छ.
ताहेरभाई भिंग ठेवून जरा वेळ गप्प बसले.
मला वाटलं, खूश आहेत.

दुसऱ्या कागदावर तिन्ही भोकं
एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली.

यादोरावांनी नाणं उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.
मग म्हणाले, बासष्ट साली, तिरोड्याकडं, पाणवठ्यावर,
सांबर होतं. मादी.
पोटात लागली.
तीन दिवस शोधलं आम्ही.
चौथ्या दिवशी गिधाडांनं दाखवलं.
"तवापासून समजत नव्हतं, हात का रायफल."

"लाकूड, साहेब," ताहेरभाई लगेच म्हणाले.
"डावीकडं ढकलत होतं. ही काय, नोट अडत होती."
खोटं नव्हतं ते.
म्हातारा खाली बघत होता.
"एकच झाडली होती म्या," म्हणाला. "पयलीच."

पंखा फिरत होता. कुणी बोललं नाही,
मीसुद्धा.
टेबलावर दोन कागद होते.
त्यांनी जुना ओढून घेतला,
थरथरतं बोट फिरवत फिरवत
मधल्या भोकापाशी आणलं.
"हा एक कोणं लिवला?"
मी म्हणालो, मी.

दहाची नोट त्यांनी स्वतः सारून पाहिली,
टोकापासून थेट मुळापर्यंत. कुठं अडली नाही.
पैसे मोजून दिले, घासाघीस केली नाही.
नव्या कागदाकडं पाहिलंही नाही,
तो अजून आमच्या भिंतीवर आहे, गिऱ्हाइकांना दाखवायला.
जुना त्यांनी चार घड्या घालून
परवान्याच्या पिशवीत ठेवला
आणि नातवाला म्हणाले, चाल बापा, ऊन वाढून राह्यलं.